मागचा स्लॅब दाखवायला पुढचे स्लॅब अंगावर घेतात, हे थांबवायचं कसं?

गुनिया:

नमस्कार मंडळी. दहा वर्षं मी कटिंग मशीनवर होतो. दोन महिन्यांपूर्वी मालकांनी गोडाऊन माझ्या ताब्यात दिलं. ग्रॅनाइट, मार्बल आणि थोडा क्वार्ट्झ आहे, सगळा स्लॅबमध्ये, म्हणजे दगडाच्या मोठ्या पातळ फरश्यांमध्ये. मशीनवर असताना ब्लेडची भीती कायम मनात असायची, त्यामुळे हात जपून चालायचा. उभ्या ठेवलेल्या मालाची मात्र कधी भीती वाटली नव्हती. दगड जागेवर उभा आहे, तो आपलं काय घेतोय, असंच वाटायचं. गेल्या गुरुवारपासून तसं वाटत नाही.

एका गिऱ्हाइकाला लॉटमधला सगळ्यात मागचा स्लॅब बघायचा होता. ए-स्टँडच्या (A अक्षरासारखा, तिरक्या बाजूंना स्लॅब टेकवायचा लोखंडी स्टँड) त्या बाजूला नऊ स्लॅब टेकवलेले होते, 10 बाय 6 फुटी, 20 मिमीचे. आमच्याकडे पूर्वापार पद्धत अशी की दोन पोरं समोर उभी राहतात, पहिला स्लॅब ओढून छातीवर घेतात, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. पुस्तकाची पानं उलटावीत तसं. फट झाली की गिऱ्हाईक बॅटरी मारून आत बघतं.

चार स्लॅब अंगावर आले आणि थोरल्या पोराचा बूट खाली पडलेल्या लाकडी पट्टीवरून घसरला. तो पडला नाही, फक्त वीतभर मागे गेला. पण तेवढ्यात चारही स्लॅब त्याच्या अंगावर रेलले. मी आणि टेम्पोचा ड्रायव्हर धावलो, चौघांनी खांदे लावले आणि कसेबसे परत टेकवले. कुणाला खरचटलंही नाही. गिऱ्हाईक दोन हातांवर उभं होतं, त्याला काय झालं ते कळलंसुद्धा नाही. नंतर तो पोरगा पाण्याची बाटली उघडायला गेला, तर त्याला झाकण फिरवता येईना, इतके हात थरथरत होते.

मला विचारायचंय ते असं. मागचा स्लॅब दाखवायचा तर दुसरी पद्धत कोणती? आमच्याकडे 2 टनी क्रेन आहे आणि एक क्लॅम्प (क्रेनला टांगून स्लॅब पकडायचा चिमटा) आहे, पण तो फक्त माल चढवायला-उतरवायलाच वापरतात. स्टँड जुने आहेत, ते बरोबर आहेत की नाहीत हे कसं ओळखायचं? आणि पोरं म्हणतात, "दादा, इतकी वर्षं असंच करतोय." त्यांना काय सांगू?


क्रेनवाला:

काय सांगू म्हणताय? सांगू नका, उद्यापासून बंद करा. स्लॅब हातावर धरायची वस्तू नाही. मागचा दाखवायचा असेल तर पुढचे एकेक करून क्लॅम्पने उचला, रिकाम्या स्टँडवर ठेवा, दाखवून झालं की तसेच परत आणा. वेळ लागतो, लागू द्या. गिऱ्हाईक थांबतं, मी बघितलंय. क्रेन असलेल्या गोडाऊनमध्ये हाताने स्लॅब उलटतात हेच मला पटत नाही.


ओळंबा:

गुनिया भाऊ, तुमचा तो पोरगा वीतभर मागे गेला असं तुम्ही लिहिलंत. त्या वीतभरातच सगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी हेल्पर म्हणून या धंद्यात आलो, पुढे मुकादम झालो, आता एका यार्डाची साठवण बघतो. माझ्या डाव्या पायाला तीन बोटं नाहीत. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी वजन. पोरांना विचारा, एक स्लॅब किती किलोचा? आमच्याकडे कुणी शंभर म्हणालं, कुणी दीडशे. ग्रॅनाइट घनमीटरला साधारण 2700 किलो भरतो, मार्बलही जवळपास तेवढाच. म्हणजे 20 मिमीचा माल चौरस फुटाला 5 किलो, 30 मिमीचा साडेसात. तुमचा 10 बाय 6 चा स्लॅब 300 किलोचा झाला. तीस मिमीचा असता तर साडेचारशे. पोरांनी अंगावर घेतले ते चार स्लॅब म्हणजे 1200 किलो. एका माणसाने अंगावर वाहायचं ओझं 55 किलोच्या वर नसावं, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्येच केली आहे.

मग 1200 किलो दोन पोरं धरतात तरी कशी? ती धरत नाहीतच. धरते ती जमीन. स्लॅब जवळजवळ उभा असतो तेव्हा त्याचं वजन तळावर असतं, माणसाच्या वाट्याला फक्त कलण्याचा भाग येतो. स्लॅब तुमच्याकडे 5 अंश कलला आणि तुम्ही साडेचार फुटांवर, म्हणजे छातीशी धरला, तर हाताला साधारण 17 किलो जाणवतात. हेच फसवतं. पोराला वाटतं, सतराच किलोचा तर आहे. तोच स्लॅब 10 अंश कलला की 35 किलो, 20 अंशांवर 68, आणि 30 अंशांवर 100. आता याला चारने गुणा. पाच अंशांवर चार स्लॅब म्हणजे 70 किलो, दोघांत वाटून 35. जमतं. दहा अंशांवर 140. नाही जमत. आणि 5 अंशांवरून 10 अंशांवर जायला छातीच्या उंचीला पाच इंचसुद्धा लागत नाहीत. तुमचा पोरगा वीतभर मागे गेला. खांदे लावायला तुम्ही दोघं वेळेत पोचलात म्हणून तो आज कामावर येतोय.

"इतकी वर्षं असंच करतोय" याचं उत्तर हे आहे. इतकी वर्षं त्यांनी 5 अंशांवरच काम केलं. दहा अंश त्यांनी बघितलेच नव्हते, ते परवा बघितले. त्यांना एकदा रिकाम्या जागेत क्लॅम्पला पकडलेला एकच स्लॅब ढकलून दाखवा असं मी म्हणणार नाही, तसले प्रयोग करू नका. खडूने भिंतीवर हे आकडे लिहा आणि समजावून सांगा. पोरं हुशार असतात, आकडा कळला की पाय आपोआप मागे येतो.

आता माझं. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. एका यार्डात मी आणि माझा साथीदार असेच दोन स्लॅब अंगावर धरून उभे होतो, मुकादम मागच्या स्लॅबवरची चीर खडूने दाखवत होता. आमच्या पाठीमागे दुसरा स्टँड होता, मध्ये जेमतेम दोन फूट जागा. स्लॅब पडतो तेव्हा मोठा आवाज होतो असं लोकांना वाटतं. तो नंतरचा. त्याच्या आधी तळाच्या फळीवर दगडाची कड सरकल्याचा आवाज आला, किर्र करून, दार उघडल्यासारखा. तो आवाज मी आजही ओळखतो. मला बाजूला जायला वाट होती, मी उडी मारली, पाय मागे राहिला. साथीदाराला वाटच नव्हती. पुढून दगड, मागून दगड. मागच्या स्टँडला अडकून स्लॅब तिरका थांबला म्हणून तो जगला, पण कंबरेची हाडं मोडली. चौदा महिने अंथरुणावर होता.

आठ जणांनी तो स्लॅब हातांनी उचलायचा प्रयत्न केला. बोटभर उचलला जायचा आणि परत बसायचा. परत बसायचा म्हणजे कुणाच्या अंगावर, ते लिहायला नको. शेवटी कुणीतरी लाकडी ठोकळे आणले, जेवढा उचलला तेवढा ठोकळा आत सारला, आणि मग क्रेन आली. तेव्हापासून माझ्या यार्डात प्रत्येक रांगेच्या टोकाला लाल रंगाचे ठोकळे ठेवलेले असतात. त्यांना कुणी दुसऱ्या कामासाठी हात लावत नाही. माणूस दबला असेल तर आधी ॲम्ब्युलन्सला फोन करायचा, आणि किती वाजता दबला ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगायची. बराच वेळ दबलेला पाय मोकळा झाला की तिथली घातक द्रव्यं रक्तात उतरतात, हृदय आणि मूत्रपिंड धोक्यात येतात, त्यामुळे ती वेळ डॉक्टरांना कळणं फार गरजेचं असतं.

तुमच्या पोरांच्या बुटांबद्दल. पुढे लोखंडी टोपी असलेले बूट असतील तर चांगलंच आहे, नसतील तर घ्या. पण ते कशासाठी आहेत हे सांगा. त्या टोपीची चाचणी 200 ज्यूलला होते, म्हणजे 20 किलोचा ठोकळा मीटरभर उंचीवरून पडावा तेवढी. तीनशे किलोचा सहा फुटी स्लॅब आडवा पडतो तेव्हा त्याच्या तेरापट ताकद असते. बूट तुकड्यांसाठी आहेत. स्लॅबपासून फक्त अंतर वाचवतं.

आणि ते अंतर कुठल्या बाजूला ठेवायचं, ते नीट समजून घ्या. स्लॅब तोंडाच्या, म्हणजे रुंद सपाट बाजूला पडतो. टोकाच्या, म्हणजे दोन सेंटीमीटर जाडीच्या कडेच्या दिशेने तो कधी आडवा होत नाही. म्हणून माझ्याकडे एकच सवय घोटून घेतो: टोकाला उभं राहायचं, तोंडासमोर नाही. क्लॅम्प लावताना, दोरी धरताना, स्लॅब नेताना, कुठेही. सहा फुटी स्लॅबसमोर निदान सहा फूट आणि वर आणखी थोडी जागा मोकळी, कारण पडताना तळ बाहेर निसटला तर तो तेवढाच पुढे येतो, आणि फुटला तर तुकडे उडतात. जमिनीवर पिवळा पट्टा मारा. गिऱ्हाईक पट्ट्याच्या बाहेर. मालक असले तरी बाहेर.


गुनिया:

ओळंबा काका, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आज सकाळी दोन्ही पोरांना बसवून 17, 35, 68, 100 हे आकडे फळ्यावर लिहून दाखवले. थोरला काही बोलला नाही, धाकट्याने विचारलं, "मग परवा आपल्या अंगावर किती होतं?" मी सांगितलं.

हाताने उलटणं आजपासून बंद. आता स्टँडचं सांगा. आमचे स्टँड अँगलचे, वेल्डिंगचे, तळाला लाकडी बॅटन, म्हणजे स्लॅब ज्यावर उभा राहतो ती फळी. टेकू, म्हणजे स्लॅबचा मागे कल, किती असावा?


ओळंबा:

टेकू मोजायला ओळंबाच घ्या, डोळ्यावर जाऊ नका. स्लॅबच्या टोकाला उभं राहून वरच्या कोपऱ्याशी दोरी धरा आणि वजन खाली सोडा. तळाच्या कोपऱ्यापासून दोरी किती मागे पडते ते टेपने मोजा. सहा फुटी स्लॅबला 5 अंशांचा टेकू असेल तर ती सव्वा सहा इंच मागे पडायला हवी. अगदी सरळ उभ्या 20 मिमीच्या स्लॅबची वरची कड फक्त दोन सेंटीमीटर पुढे आली की तो गेला. म्हणून हा सव्वा सहा इंचांचा हिशोब म्हणजे तुमची शिल्लक आहे असं समजा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. माप पहिल्या स्लॅबचं घेऊ नका. शेवटच्या, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या स्लॅबचं घ्या. दोन स्लॅबांच्या मध्ये क्लॅम्पचा जबडा घुसावा म्हणून वर लाकडी पट्टी घालतात ना? तुमच्याकडे खाली पडलेली पट्टी होती, म्हणजे घालत असणार. ती इंचाची असेल आणि फक्त वरच घालत असाल, तर प्रत्येक स्लॅबमागे वरची कड इंचभर पुढे येते, तळ मात्र एकमेकांना चिकटलेलेच. सहा पट्ट्या झाल्या की सहा इंच गेले. सव्वा सहामधून सहा. सातवा स्लॅब जवळजवळ सरळ उभा असतो, आणि तरीही समोरून बघणाऱ्याला तो व्यवस्थित टेकलेलाच दिसतो. मला हे एका जुन्या मिस्त्रींनी शिकवलं. त्यांनी मला दोरी धरायला लावली आणि काही न बोलता टेप माझ्या हातात दिला. दोरी तळाच्या अर्धा इंचच मागे होती, आणि त्या स्लॅबसमोरून आम्ही महिनाभर ये-जा करत होतो.

उपाय साधा आहे. वर जेवढ्या जाडीची पट्टी, तेवढ्याच जाडीची खाली, आणि दोन्ही एका सरळ रेषेत. मग गठ्ठा समांतर राहतो, टेकू कायम राहतो. खालची पट्टी वरच्याच्या बरोबर खाली नसेल तर दगडावर पीळ पडतो आणि चीर असलेला माल तिथेच तडकतो, हे वेगळंच.

तळाचा बॅटन बघा. पाठीच्या टेकूशी तो काटकोनात हवा, म्हणजे जमिनीशी किंचित आतल्या बाजूला उतरता. काटकोन तपासायचा गुनिया लावून बघा, तुमचं नावच ते आहे. बॅटन सपाट असेल तर स्लॅब फक्त एका धारेवर उभा राहतो आणि बाहेर सरकायला मोकळा असतो. ती किर्र आवाजाची जागा हीच. लाकूड चुरलेलं, ओलं, तेलकट असेल तर बदला. वेल्डिंगच्या सांध्यांवरचा रंग खरवडून बघा, चीर असेल तर गंज तिथून आधी डोकावतो.

दोन्ही बाजूंचा स्टँड असेल तर माल दोन्हीकडे सारखा राहू द्या. एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला दोन म्हणजे 2100 किलोंचा फरक, तेवढ्यात अख्खा स्टँडच उलटू शकतो. चढवताना एक इकडे एक तिकडे, काढतानाही तसंच. गुरुवारी दुसऱ्या बाजूला किती होते?

आणि जमेल तेव्हा पुढे लोखंडी खुंट बसवून घ्या. तळाच्या चॅनेलला सॉकेट, त्यात उभे पाइप, काढता-घालता येतील असे. प्रत्येक स्लॅबला किंवा दोन-तीन स्लॅबांना एक जोडी. मग एक सुटला तरी खुंटाला अडतो, बाकीचे त्याच्या मागे येत नाहीत. खुंट स्लॅबच्या मध्यापेक्षा बराच वर पोचला पाहिजे. सहा फुटी स्लॅबला तीन फुटांचा खुंट असेल तर स्लॅब त्याच्यावरून कोलांटी मारतो. पाइप किती जाडीचा हवा ते फॅब्रिकेटरच्या अंदाजाने ठरवू नका, वजन सांगून एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून काढून घ्या.


घाऊकवाला:

सगळं बरोबर आहे, पण धंदा कसा करायचा? दिवसाला वीस गिऱ्हाईकं येतात, प्रत्येकाला मागचाच स्लॅब बघायचा असतो. एक स्लॅब क्रेनने काढून ठेवायला चार-पाच मिनिटं धरली, तर आठ स्लॅब सरकवायला अर्धा-पाऊण तास. परत लावायला तेवढाच. हे लिहायला सोपं आहे.


कटिंगवाली ताई:

घाऊकवाले दादा, तुमची अडचण खरी आहे, आमचीही तीच होती. आम्ही ती माल उतरवतानाच सोडवली. ट्रकवरून स्लॅब क्लॅम्पने उतरतो, तेव्हा तो एकटा असतो, त्याचं तोंड पूर्ण मोकळं असतं. त्याच वेळी त्याचा फोटो काढायचा. टोकाच्या कडेवर नंबर लिहायचा, फोटोला तोच नंबर, आणि कोणत्या स्टँडवर कितवा आहे ते वहीत. पाणी मारून एक फोटो, कोरडा एक, टेप लावून एक. फोटो काढणाराही पट्ट्याबाहेरूनच काढतो. गिऱ्हाईक आलं की आधी फोटो दाखवते. बहुतेकांचं तिथेच ठरतं. ज्याला पैसे भरायच्या आधी प्रत्यक्षच बघायचाय, त्याला दुसऱ्या दिवशीची वेळ देते आणि तेवढा एकच स्लॅब काढून दाखवायच्या स्टँडवर लावून ठेवते. त्या स्टँडवर एका वेळी एकच स्लॅब असतो, आणि गिऱ्हाइकाला दगडाला हात लावायचा असेल तर तिथेच, तोही क्लॅम्प न सोडता.

मला आणखी एक सांगायचंय, कारण सगळे मोठ्या स्लॅबांबद्दलच बोलताय. तुकडे. सिंकचं कटिंग झालं की उरलेला तुकडा भिंतीला टेकवतो, त्याला आणखी एक, त्याला आणखी एक. ते तिरके, वेगवेगळ्या मापाचे, खाली टाइलची गुळगुळीत जमीन. 4 बाय 2 चा 20 मिमीचा तुकडा 40 किलोचा असतो. मागचा ओढताना पुढचे चार माझ्या नडगीवर आले होते. हाड मोडलं नाही, पण वर्षभर तिथे बोट लावून घेत नव्हते. आता तुकड्यांसाठी कंगव्यासारखा रॅक केलाय, प्रत्येक खणात एकच तुकडा, तळाला रबर. मापाप्रमाणे खण. वापरात येणार नाही असा तुकडा त्याच दिवशी बाहेर, "कधीतरी लागेल" म्हणून ठेवायचा नाही. या एका नियमाने अर्धी भिंत मोकळी झाली.


क्रेनवाला:

ताईंची फोटोची कल्पना मी आमच्याकडे उचलतोय.

क्लॅम्पबद्दल कुणी बोललं नाही, ते माझं काम. गुनिया, तुमचा क्लॅम्प माल चढवायलाच वापरतात म्हणालात, म्हणजे आता त्याला रोजचं काम लागणार. आधी त्याच्यावरची पट्टी वाचा: किती वजनाचा आणि किती जाडीपर्यंतचा. पट्टीच पुसली गेली असेल तर तो क्लॅम्प बाजूला ठेवा. जबड्याच्या रबराला नख लावा. दगडासारखं कडक झालं असेल, तुकडे निघत असतील, पॉलिशची पावडर बसून चकचकीत झालं असेल, तर बदला. ओला स्लॅब, धूळ बसलेला स्लॅब, दोन्हीवर पकड घसरते, आधी फडक्याने पुसून घ्यायचा. व्हॅक्यूमवाला लिफ्टर घ्यायचा विचार कराल तर त्याला हे दुप्पट लागू, धूळ आणि खरखरीत पृष्ठभाग असला की हवा शिरते.

क्लॅम्प मधोमध. पण कोपरा तुटलेल्या किंवा कापलेल्या स्लॅबचा मध्य लांबीच्या अर्ध्यावर नसतो, तो जड बाजूकडे सरकलेला असतो. म्हणून दोन इंच उचलून थांबायचं. कलतोय का, कडकड वाजतोय का, मजबुतीसाठी मागे चिकटवलेली जाळी सुटलीय का, बघायचं. ठीक असेल तरच पुढे. नेताना जमिनीपासून वीतभरच उंच. टोकाला दोरी, दोरीला माणूस, आणि तो माणूस कधीही उलटा चालणार नाही. मला रिमोटवर एकाचाच इशारा चालतो, पण "थांब" कुणीही ओरडलं तरी मी थांबतो, झाडूवाला असला तरी.

गाडीवरून उतरवताना सगळ्यात जास्त जपा. गाडी सपाट जागेवर हवी. पाच अंशांचा टेकू असतो आणि गाडी आडव्या उतारावर तीन अंश कलती उभी केली, तर एका बाजूचा टेकू दोनच अंश उरला. प्रवासात माल हललेला असतो, पाचरी सुटलेल्या असतात, आणि स्लॅब कधी बांधलेल्या पट्ट्यावरच रेललेले असतात. पट्टा सोडला की ते बाहेर. म्हणून आधी लांबून बघायचं, मग एका वेळी एकच पट्टा, आणि ज्या गठ्ठ्याचा पट्टा सोडतोय त्याच्या बाहेरच्या स्लॅबला आधी क्लॅम्प लावून हलका ताण दिलेला. गाडीच्या हौद्यात स्लॅब आणि फाळका यांच्यामध्ये कुणीही उतरायचं नाही. चप्पल पडली तरी नाही.


ओळंबा:

क्रेनवाल्या भावांनी लिहिलं त्यात कंटेनरचं जोडतो. कंटेनरमध्ये दोन गठ्ठ्यांच्या मधोमध चिंचोळी वाट असते, आणि लाकडी आडवे दांडे ठोकलेले असतात. ते दांडे अडथळा नाहीत, आधार आहेत. माणूस आत जाऊन पहारीने सगळे दांडे आधी मोकळे करतो, कारण काम सोपं होईल असं वाटतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काही टन दगड मोकळा उभा राहतो. ज्या गठ्ठ्याला क्रेनचा पट्टा लागलाय त्याचाच दांडा काढायचा, आणि तो काढून माणूस बाहेर आल्याशिवाय उचलायचं नाही.


गुनिया:

मंडळी, आठवड्याने लिहितोय. काय काय झालं ते सांगतो.

काका, तुम्ही विचारलंत की गुरुवारी दुसऱ्या बाजूला किती होते. तीन. आणि पट्ट्या फक्त वर होत्या, पाऊण इंची. नवव्या स्लॅबच्या टोकाला मी दोरी सोडली, थोरल्या पोराने टेप धरला. पाव इंच. त्याने दोनदा मोजलं, मग टेप माझ्याकडे देऊन तिथून बाजूला जाऊन उभा राहिला. टोकाला, मी न सांगता.

सात स्टँड मोजले. दोन बाद केले, एकाचा बॅटन सपाट होता आणि दुसऱ्याच्या वेल्डिंगला रंगाखाली चीर निघाली. बाकीच्यांवरचा माल क्रेनने उतरवून खाली-वर सारख्या पट्ट्या घालून परत लावला, चार दिवस त्यातच गेले. मालक पहिल्या दिवशी वैतागले होते. मी त्यांना काही समजावलं नाही, फक्त नवव्या स्लॅबपाशी दोरी धरून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. संध्याकाळी खुंटांसाठी इंजिनीअरचा फोन नंबर त्यांनीच आणून दिला.

क्लॅम्पची पट्टी वाचता येत होती, 1 टन आणि 60 मिमीपर्यंत. रबर मात्र गेलेलं, नवीन बसवलं. फोटो धाकटा पोरगा काढतो, त्याला ते काम आवडलंय. नंबर कडेवर खडूने लिहिले तर पुसले जातात, ताई, तुम्ही कशाने लिहिता?


कटिंगवाली ताई:

पेंट मार्करने लिहा. पण फिकट रंगाच्या मार्बलवर नको, शाई आत मुरते आणि कड वापरायची असेल तर डाग दिसतो. त्याला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर लिहा. आणि नंबर दोन्ही टोकांच्या कडांवर लिहा, म्हणजे तो वाचायला कुणाला स्लॅबच्या समोर जावं लागत नाही.